एकचाकी सायकलचे आसन

एकचाकी सायकलचे आसन (बोलीभाषेत सीट किंवा सॅडल) हा एकाच चाकाच्या सायकलवर स्वाराचा बहुतांश भार पेलणारा भाग होय. या सायकलला नेहमीचे हँडल नसते. त्यामुळे दुचाकी सायकलप्रमाणे शरीराचा काही भार हातांवर टाकण्याची सोय नसते. तो मुख्यतः आसनावर आणि थोडा पेडलवर येतो. काही मिनिटांच्या कसरतीत आसनाचा प्रकार फारसा जाणवत नाही. मात्र वीस ते चाळीस किलोमीटरच्या प्रवासात अयोग्य आसनामुळे बधिरता, त्वचा सोलवटणे आणि गळवे असे त्रास होतात. दूरच्या प्रवासासाठी आसन निवडताना मऊपणापेक्षा आकार, रुंदी आणि जुळवणी यांना अधिक महत्त्व दिले जाते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील बहुतेकांनी एकचाकी सायकल प्रथम पाहिलेली असते ती सर्कशीच्या तंबूत. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये स्थापन केलेली ग्रेट इंडियन सर्कस ही भारतीयांनी चालविलेली पहिली आधुनिक सर्कस मानली जाते. त्यानंतर सांगली परिसरातून अनेक मराठी सर्कशी उभ्या राहिल्या. सायकलवरील कसरती हा पुढे सर्कशीतील नेहमीचा खेळ झाला. अशा खेळातील स्वार रिंगणात थोडाच वेळ बसलेला असतो. त्याच्या दृष्टीने आसन लहान, हलके आणि झटकन सुटका करून देणारे असणे पुरेसे असते. त्यामुळे कसरतीसाठी बनविलेले आसन दूरच्या प्रवासाला क्वचितच योग्य ठरते.

दूरच्या प्रवासासाठी साधारणपणे ३६ इंची मोठे चाक वापरतात. ब्रिटनमधील एड प्रॅट यांनी २०१५ ते २०१८ या काळात अशाच सायकलवरून सुमारे ३३,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. ब्रिटनच्याच सॅम वेकलिंग यांनी २००७ मध्ये २४ तासांत सुमारे ४५३ किलोमीटर अंतर कापले. एवढा वेळ आसनावर बसावयाचे असल्यास पायांच्या ताकदीइतकाच बैठकीचा प्रश्न निर्णायक ठरतो.

रचना

आसनाचे तळापासून वरपर्यंत तीन थर असतात. सर्वांत खाली प्लॅस्टिक किंवा कार्बन तंतूंची कडक पट्टी, त्यावर फोम आणि सर्वांत वर रेक्झिन किंवा कापडाचे आवरण असते. पुढच्या व मागच्या टोकांना संरक्षक पट्ट्या लावलेल्या असतात, कारण स्वार उतरताना सायकल अनेकदा जमिनीवर आदळते. पुढच्या टोकाखाली बहुधा एक मूठ असते. चढावर किंवा खड्ड्यातून जाताना स्वार ती धरून स्वतःला आसनाशी घट्ट ठेवतो.

दुचाकी सायकलचे आसन दोन समांतर धातूच्या कांड्यांवर बसविलेले असते. एकचाकीचे आसन मात्र सामान्यतः चार बोल्टांनी थेट दांड्याच्या माथ्यावरील पट्टीला जोडतात. त्यामुळे एकाचे आसन दुसऱ्याला सहसा बसत नाही; त्यासाठी स्वतंत्र जोडपट्टी लागते. दांड्याच्या जाडीची २२.२, २५.४ आणि २७.२ मिलिमीटर ही मापे प्रचलित आहेत. नवे आसन किंवा दांडा घेण्यापूर्वी बोल्टांची मांडणी आणि दांड्याचे माप तपासणे आवश्यक असते.

शरीरावर येणारा भार

बसलेल्या अवस्थेत शरीराचा भार पेलण्यास नितंबांखालील दोन हाडे योग्य असतात. त्यांना सोयीसाठी बैठकीची हाडे म्हणता येईल. याउलट जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्या दरम्यानचा मऊ भाग भार पेलण्यासाठी नसतो. या भागातून प्युडेंडल मज्जातंतू व रक्तवाहिन्या जातात. त्यांच्यावर सतत दाब आल्यास प्रथम मुंग्या येतात आणि नंतर बधिरता जाणवते. दाब काढल्यावर ती बहुधा ओसरते. तथापि ती वारंवार येत असल्यास किंवा उतरल्यानंतरही टिकत असल्यास आसन बदलणे आणि वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक ठरते.

एकचाकी सायकलमध्ये ही अडचण दोन कारणांनी वाढते. पहिले कारण असे की, साध्या एकचाकीत पेडल थेट चाकाला जोडलेले असतात. पाय स्थिर ठेवून सायकल नुसती वाहू देता येत नाही. त्यामुळे मांड्या आसनाच्या कडांवर अखंड घासत राहतात. दुसरे कारण असे की, तोल सांभाळण्यासाठी आसनाचा पुढचा भाग मांड्यांमध्ये धरून ठेवावा लागतो. दुचाकीसाठी पुढचे टोक नसलेली आसने उपलब्ध आहेत. सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना होणारी बधिरता कमी करण्यासाठी अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २००९ मध्ये त्यांची शिफारस केली होती. एकचाकीत पुढचे टोक काढून टाकल्यास सायकलवरील ताबाच जातो. म्हणून येथे टोक ठेवूनच दाब कमी करण्याचा मार्ग शोधावा लागतो.

निवडीचे निकष

आकार: जुन्या पद्धतीची आसने केळ्यासारखी वाकलेली असतात. त्यांची दोन्ही टोके वर व मध्य खोल असल्याने स्वार जागेवर राहतो, मात्र शरीर मधल्या खळग्यात रुतते आणि मऊ भागावर दाब येतो. अलीकडील काळात लांब अंतरासाठी तुलनेने सपाट आसने वापरली जाऊ लागली. त्यांवर मागेपुढे सरकून दाबाची जागा बदलता येते. मधोमध खाच किंवा पन्हळ असलेले आसनही याच हेतूने निवडले जाते.

रुंदी: आसनाचा मागचा भाग बैठकीच्या हाडांमधील अंतरापेक्षा थोडा अधिक रुंद असावा. स्त्रियांमध्ये हे अंतर सरासरीने अधिक असते, परंतु व्यक्तीगणिक फरक मोठा असल्याने प्रत्यक्ष मोजमाप करणे इष्ट असते. पुढचा भाग मात्र अरुंद हवा. तो रुंद असल्यास मांड्या सोलवटतात.

भरण: अतिमऊ फोम दुकानात हाताने दाबून पाहताना आरामदायी वाटतो. प्रत्यक्षात त्यावर बसल्यावर हाडे खाली रुततात आणि दोन हाडांमधला फोम वर उचलला जाऊन मऊ भागालाच रेटतो. मराठीत निरुपयोगी भरताडाला 'खोगीरभरती' म्हणतात. आसनाच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः लागू पडतो. दूरच्या प्रवासासाठी मध्यम कडक फोम अधिक उपयुक्त असतो. काही स्वार फोमऐवजी हवेची ट्यूब बसवितात. हवेचे प्रमाण कमीजास्त करून तिचा दाब जुळविता येतो, परंतु हवा जास्त भरल्यास आसन डळमळते आणि तोल साधणे कठीण जाते.

पुढची मूठ: दूरच्या प्रवासात पुढच्या मुठीला लांब दांडा जोडून त्यावर हात टेकविण्याची सोय करतात. त्यामुळे भाराचा काही अंश हातांवर जातो. सराव नसताना या दांड्यावर जास्त रेलल्यास तोल पुढे जाण्याचा धोका असतो.

मोजमाप आणि जुळवणी

बैठकीच्या हाडांमधील अंतर घरी मोजता येते. कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्यावर थोडे पुढे झुकून मिनिटभर बसावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर हे अपेक्षित माप होय.

आसनाची उंची ठरविताना पेडल सर्वांत खाली असता गुडघा अगदी थोडा वाकलेला राहील, असे पाहतात. आसन फार खाली असल्यास पायांवर भार येत नाही आणि सारे वजन बैठकीवर पडते. ते फार वर असल्यास प्रत्येक फेऱ्यात कंबर डावी-उजवीकडे झुकते आणि घर्षण वाढते. पुढचे टोक किंचित वर ठेवल्यास शरीर पुढे घसरत नाही. ते अधिक वर नेल्यास मात्र मऊ भागावर दाब येतो. म्हणून कोनात एका वेळी अत्यल्प बदल करून प्रत्येक बदलानंतर काही किलोमीटर चालवून पाहणे योग्य असते. उंची आणि कोन एकाच वेळी बदलल्यास कोणत्या बदलाचा परिणाम झाला, हे कळत नाही.

उष्ण प्रदेशातील वापर: परभणी जिल्ह्याचे उदाहरण

आसनाची परीक्षा अंतराइतकीच हवामान आणि रस्ता यांवर अवलंबून असते. गोदावरी खोऱ्यातील परभणी जिल्हा या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. परभणीहून पोखर्णीमार्गे गंगाखेडपर्यंतचे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. ३६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.८७ मीटर असल्याने हे अंतर कापताना चाकाचे सुमारे १४,००० फेरे होतात. पेडल थेट चाकाला जोडलेले असल्याने प्रत्येक मांडीही तेवढ्याच वेळा आसनावर घासते. २४ इंची चाक असल्यास ही संख्या सुमारे २१,००० होते. आसनाच्या आवरणावरील एखादी उंचवट्याची शिवण पाच मिनिटांत जाणवत नाही. हजारो फेऱ्यांनंतर मात्र ती त्वचा सोलते.

उन्हाळ्यात येथील कमाल तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. घामाने ओली झालेली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा लवकर सोलवटते. काळे रेक्झिन उन्हात तापते आणि घाम शोषत नाही. अशा ठिकाणी फिकट रंगाचे, बिनशिवणीचे, हवा खेळू देणारे आवरण उपयुक्त असते. सायकल उन्हात उभी करावी लागल्यास आसनावर कापड टाकणेही हिताचे असते. हिवाळ्यात याच जिल्ह्यात पहाटेचा पारा बराच खाली उतरतो आणि फोम किंचित कडक होतो. त्यामुळे एका ऋतूत योग्य वाटलेल्या आसनाची दुसऱ्या ऋतूत पुन्हा चाचणी घ्यावी लागते.

जिल्ह्यातील बरीचशी जमीन काळी आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरील रस्ते ठिकठिकाणी उंचसखल होतात. साध्या एकचाकीला धक्के शोषणारी यंत्रणा नसते. म्हणून हादरे कमी करण्यासाठी अधिक मऊ आसन घेण्याऐवजी जाड टायर आणि त्यातील हवेचा योग्य दाब यांवर भर दिला जातो.

स्थानिक दुरुस्ती

एकचाकीचे खास आसन लहान शहरांत सहज मिळत नाही. तथापि मोटारसायकलची सीट कव्हरे शिवणारे कारागीर बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी असतात आणि मूळ आसनात पुढील बदल त्यांच्याकडून करून घेता येतात: आवरण काढून फोमच्या मध्यभागी उथळ पन्हळ कोरणे, दबलेल्या फोमच्या जागी मध्यम कडक फोम बसविणे, बाजूचा जादा फोम तासून कडा गोल करणे आणि शिवण मांडीच्या संपर्कात न येणाऱ्या जागी घेणे. तळाची पट्टी तडकलेली असल्यास मात्र दुरुस्तीवर विसंबू नये. चालत्या सायकलवर ती तुटल्यास तीक्ष्ण कडेने जखम होऊ शकते.

सराव आणि काळजी

आसन योग्य असले तरी शरीराला त्याची सवय होण्यास काही आठवडे लागतात. अंतर टप्प्याटप्प्याने वाढविणे, दर काही किलोमीटरनंतर उतरून थोडे चालणे आणि सपाट रस्त्यावर मूठ धरून काही क्षण पेडलवर भार घेणे, हे उपाय प्रचलित आहेत. सायकलिंगसाठीची गादीयुक्त चड्डी आतील कपड्याशिवाय वापरतात, कारण आतल्या कपड्याच्या शिवणी त्वचेला घासतात. ती प्रत्येक प्रवासानंतर धुऊन पूर्ण वाळविणे गरजेचे असते; ओलसर कपड्यामुळे केसांच्या मुळांशी जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते. गळू झाल्यास ते न फोडता बरे होईपर्यंत स्वारी थांबविणे श्रेयस्कर असते.

महाराष्ट्रात दूरच्या दुचाकी सायकल प्रवासाची परंपरा आता चांगली रुजली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने अमेरिका ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत पूर्ण केली. राज्यातील अनेक शहरांत २०० ते ६०० किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' सहली होतात. त्यांतील २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटांची मुदत असते. त्वचेची निगा, कपडे आणि टप्प्याटप्प्याचा सराव यांविषयीचा या दुचाकीस्वारांचा अनुभव एकचाकीस्वारांनाही उपयोगी पडतो. आसनाचा आकार आणि जुळवणी मात्र एकचाकीच्या गरजेनुसार स्वतंत्रपणे ठरवावी लागते. नव्या आसनावर पहिल्याच दिवशी लांबचा पल्ला न गाठता, बधिरता न येता सलग तासभर चालविता येते का, हे प्रथम पाहणे ही त्याची सर्वांत सोपी कसोटी होय.