चैत्राच्या तोंडावर तांबट आळीत

पाडव्याला चार दिवस राहिले होते. कसबा पेठेच्या मेट्रो स्थानकातून सरकत्या जिन्यानं वर आले, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि उन्हाचे चटके बसू लागले होते. रस्त्याच्या कडेला एका हातगाडीवर साखरेच्या गाठ्यांचे हार टांगलेले होते, पांढरे, केशरी, गुलाबी. पलीकडे भिंतीला टेकवून वेळूच्या काठ्यांची मोळी उभी केली होती. काठी झाली, गाठी झाली. गुढीसाठी राहिला होता तो गडू, आणि त्याच्यासाठीच मी तांबट आळीकडे निघाले होते.

कसब्याचा इतिहास पुणेकराला पाठच असतो. मुरार जगदेवानं गाव उजाड करून गाढवाचा नांगर फिरवला, मग जिजाऊंनी सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून ते पुन्हा वसवलं. कसबा गणपती ग्रामदैवत झाला, लाल महाल उभा राहिला. पुढे १७३२ मध्ये शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली आणि कसब्याभोवती पेठांमागून पेठा वसत गेल्या. एक गोष्ट मात्र आळीकडे जाताना सारखी मनात येत होती. हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी राष्ट्रकूटांनी दिलेल्या ताम्रपटांत या भागाचा उल्लेख ‘पुण्यविषय’ असा आहे. म्हणजे या गावाच्या नावाचा जुन्यात जुना लेखी पुरावा सापडतो तो तांब्याच्या पत्र्यावर.

कसबा गणपतीला नमस्कार करून गल्लीत वळले आणि थबकले. समोरच्या पिंपळाला नुकती पालवी फुटली होती, ऊन आरपार जाईल इतकी कोवळी, तांबूस. त्या पालवीतून आवाज येत होता: टुक, टुक, टुक. एकसारखा, न थकता. तांबट पक्षी. चिमणीपेक्षा थोडासा मोठा, हिरव्या अंगाचा, कपाळावर लाल टिळा आणि गळ्याला पिवळा रंग. थंडीत तो फारसा बोलत नाही. ऊन तापायला लागलं की त्याचा गळा सुटतो. बोलताना मान या खांद्यावरून त्या खांद्यावर वळवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. मी फांदी न् फांदी धुंडाळत उभी असताना दुसरा आवाज आला. जड, धातूचा. ठण, ठण, ठण, आणि मध्येच हलका टिंग. हा झाडावरून येत नव्हता. पक्ष्याला ज्याच्यावरून नाव मिळालं, तो तांबट गल्लीच्या आत कामाला बसला होता. दोन्ही आवाज एका ठिकाणी उभं राहून ऐकायला मिळावेत अशा जागा आता किती उरल्या असतील?

आळी तशी लहान आहे. एका बाजूला लाकडी खांबांचे, उतरत्या छपरांचे दोन-तीन जुने वाडे, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती. अध्येमध्ये पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा, त्यांवर पत्र्याचं कुंपण. दुचाकींच्या दोन रांगा आणि त्यांच्यामधून माणसापुरती वाट. उघड्या दारांतून घंगाळं दिसतात, हंडे दिसतात, पाणी प्यायचे तांबे एकात एक रचलेले दिसतात. त्या सकाळी मला चार दारांतून ठोके ऐकू आले.

त्यातल्या एका दारात मी बसले ती दोन तास. काकांनी बसायला पाट दिला आणि आधीच सांगून टाकलं, “नाव छापू नका. आळीचं छापा.” सत्तरी ओलांडलेली, मनगटं मात्र तिशीतली वाटावीत अशी. हे त्वष्टा कासार समाजातले. पेशवाईत पूर्वज कोकणातून इथं आले असं घरोघर सांगतात. त्वष्टा म्हणजे देवांचा कारागीर. दधीची ऋषींच्या अस्थींपासून त्यानं इंद्राला वज्र घडवून दिलं, ही कथा काकांनी मला हातोडी न थांबवता सांगितली. “हाडापासून हत्यार घडवणाऱ्याचे वंशज आम्ही. आम्हाला तांबं काय जड?” भिंतीवर कालिकामातेची तसबीर होती, काजळी धरलेली, पण तिला वाहिलेलं जास्वंदीचं फूल ताजं होतं.

त्यांच्या हातात गडू होता. गडूचा आकार आता बहुतेक वेळा यंत्रावर दाबून येतो, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. हाताचं काम त्यानंतर सुरू होतं. त्याला म्हणतात मठारणं. जमिनीत पुरलेला एक आडवा लोखंडी दांडा, त्याच्या गुळगुळीत टोकावर गडू आतून टेकवायचा आणि बाहेरून हातोडी मारायची. प्रत्येक ठोक्याला एक छोटी चकाकती खोलगट टिकली उमटते. शेजारची टिकली तिला चिकटून, पण तिच्यावर न चढता. पट्टी नाही, खूण नाही, पेन्सिलीची रेघ नाही. मी एका ओळीतल्या टिकल्या मोजल्या. छप्पन्न भरल्या. खालची ओळ मोजली, तीही छप्पन्न. डावा हात गडू केसभर फिरवतो, उजवा हात ठोका देतो, आणि दहा-बारा ठोक्यांनंतर हातोडी एकदा नुसत्याच दांड्यावर हलकी आपटते. तोच मघाचा टिंग. “तो हाताचा श्वास,” काका म्हणाले. “तो घेतला नाही तर संध्याकाळपर्यंत खांदा राहत नाही.”

मला वाटत होतं, मठार ही शोभा आहे. काकांनी एक न मठारलेला गडू हातात दिला आणि दाबायला सांगितलं. अंगठ्याखाली पत्रा दबला. मग मठारलेला दिला. तो हललासुद्धा नाही. तांबं मऊ असतं, ठोके खाल्ले की ताठ होतं. फार ठोकलं तर मात्र हट्टी होऊन चिरतं. म्हणून मध्येच ते भट्टीत लाल करायचं आणि पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ. लोखंडाचं उलट. पोलाद तापवून पाण्यात टाकलं की कडक होतं, तांबं नरम पडतं. हातोडीखाली भांडं कुठवर ऐकेल आणि कुठं तडकेल, हे काका कानानं ओळखतात. चांगल्या भांड्याचा आवाज स्वच्छ येतो, बारीकशी चीर गेलेल्या भांड्याचा बसका. “डोळ्याला चीर दिसायच्या आधी कानाला कळते.”

त्यांच्या मागे कोपऱ्यात एक बंब उभा होता, कोणाचा तरी दुरुस्तीला आलेला. तो पाहिला आणि मला आजीचं न्हाणीघर आठवलं. पहाटे ती बंबात नारळाच्या शेंड्या आणि लाकडाच्या ढलप्या घालायची. मधल्या नळीतून धूर निघायचा आणि आम्ही भावंडं त्या उबेला चिकटून दात घासायचो. दर शनिवारी चिंच-मीठ लावून बंब घासला जायचा, आणि मग त्याच्या पोटात आमची वाकडी तोंडं दिसायची. गिझर आला त्या वर्षी तो बंब मोडीत गेला. किलोवर तोलून दिला. आलेल्या पैशांतून स्टीलचे डबे घेतले. तेव्हा कुणालाच त्यात काही वाईट वाटलं नाही, मलाही नाही. आज ते आठवून गलबलून येतं. कुणा तांबटानं आठवडा घालून उभी केलेली वस्तू आम्ही निव्वळ वजनाच्या भावानं विकली.

असं घरोघर झालं. स्टील आलं, अॅल्युमिनियम आलं, प्लॅस्टिक आलं. हंडे, कळशा, घंगाळं माळ्यावर गेली आणि माळ्यावरून मोडीत. कल्हईवाल्याची हाक बंद झाली, तशी तांब्या-पितळेची भांडी स्वयंपाकातून हद्दपार झाली. अलीकडे वारा थोडा फिरलाय. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायची आवड पुन्हा आली आहे. इंटॅकसारख्या वारसा जपणाऱ्या संस्थेनं आळीत लक्ष घातलं. ‘कॉप्र’ या उपक्रमातून मठारकामाचे दिवे, तबकं, पेले नव्या घरांत पोचू लागले. काकांचा पुतण्या नोकरी सांभाळून संध्याकाळी फोनवर मागण्या घेतो. “काम आहे,” तो म्हणाला. “कामाची चिंता नाही हो ताई. जागेची आहे.”

त्याचं हे वाक्य घेऊन मी बाहेर पडले आणि मग आळी मला वेगळी दिसू लागली.

जुन्या वाड्यात तांबटाचं घर वर आणि काम खाली असायचं. काम जमिनीवर होतं, कारण दांडा जमिनीत पुरावा लागतो. भट्टीला धुराडं लागतं, भांडं विझवायला पाणी लागतं, पत्रा पसरायला अंगण लागतं. वाडा पडतो, इमारत उभी राहते, कुटुंबाला तिसऱ्या मजल्यावर सदनिका मिळते. स्वच्छ, उजेडाची, स्वतंत्र संडास-न्हाणी असलेली. ती त्यांना मिळायलाच हवी. पावसाळ्यात गळणारं छप्पर आणि टेकू दिलेल्या भिंती लांबून बघायला सुंदर वाटतात, त्यात राहणाऱ्याला विचारावं. पण तळमजल्यावर वाहनतळ येतो, आणि तिसऱ्या मजल्याच्या फरशीत दांडा पुरता येत नाही. घर मिळतं, ओटा जातो. बाप निवृत्त होतो आणि मुलाच्या हातात हातोडी यायला जागाच उरत नाही.

एका नव्या इमारतीच्या दारात एक ताई भाजी निवडत बसल्या होत्या. आवाजाचा त्रास होतो का, असं विचारलं. “होतो ना. मुलगा रात्रपाळी करून येतो, त्याला झोप लागत नाही.” थोडं थांबून म्हणाल्या, “पण सासरे याच आवाजावर उठायचे. बंद असला की विचारायचे, आज कोण गेलं?” आळीत कुणाचं निधन झालं की त्या दिवशी ठोके थांबत. त्यांची तक्रारही खरी आणि आठवणही खरी.

दुसरीकडे शनिवारवाड्याच्या आसपासचे कित्येक वाडे बांधकामबंदीत अडकलेत. २०१० च्या कायद्यानं संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पेशव्यांचा वाडा सुरक्षित राहिला, हे उत्तमच. त्याच्या सावलीतली घरं मात्र ना सहज दुरुस्त होतात, ना नवी होतात. म्हणजे कसब्यात एक तर वाडा कोसळेपर्यंत तसाच राहतो, नाही तर सगळाच जातो. मधली वाट कुणी आखलेली नाही.

आळीतून मी नदीच्या बाजूला कुंभारवाड्याकडे गेले. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ मांडलेले होते, लाल आणि काळे. पण यातले बरेचसे बाहेरून आलेले. इथले पुष्कळ कुंभार आपल्या भट्ट्यांसह पूर्वीच मुंढव्याला केशवनगरकडे गेले. कागदीपुऱ्यात आता हातकागद कुणी बनवत नाही. शिंपी आळीत शिंपी शोधावा लागतो. कसब्यात आळ्यांची नावं टिकली आहेत, कामं निघून गेली आहेत. तांबट आळीत अजून नावाला काम जोडलेलं आहे. मला वाटतं, हीच या आळीची खरी श्रीमंती, आणि ती सांभाळायला फार मोठा खर्चही लागणार नाही. इथं इमारत बांधताना तळमजल्यावर चार गाळे जमिनीला टेकलेले ठेवावेत, धुराड्याची सोय करावी, कामाच्या वेळा रहिवाशांशी बोलून ठरवाव्यात. वारसा म्हणून आळीच्या तोंडाशी फलक लावता येतो. पण फलकातून ठोका ऐकू येत नाही.

परतताना गडू घ्यायला पुन्हा काकांकडे गेले. त्यांची नात शाळेतून आली होती. पिंपळावरचा आवाज अजून चालूच होता. तो कशाचा, असं तिला विचारलं. “तांबट पक्षी,” ती लगेच म्हणाली, “पुस्तकात आहे. तो आजोबांसारखा ठोकतो.” गावातली बाकीची मुलं हा पक्षी चित्रावरून ओळखतील, पण त्याला तांबट का म्हणतात हे त्यांना समजावून सांगावं लागेल. या मुलीला नाही. मला तिचा हेवा वाटला.

मी निवडलेला गडू काकांनी माझ्या हातून परत घेतला. उलटा धरून बुडाकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा दांड्यावर चढवला. मला तर तो पुरा झालेला वाटत होता.

“गुढीलाच हवाय ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग थांबा पाच मिनिटं. एरवी बूड जमिनीला टेकतं, कुणी बघत नाही. गुढीवर गडू पालथा बसतो. गावाला दिसतं ते बूडच.”

आणि मधल्या बिंदूपासून बाहेर गोल गोल फिरत, टिकलीला टिकली भिडवत, ते बूड मठारू लागले.