गाळणी दारातच हवी

बेळ्ळंदूरहून बोलतोय.

हौशी रेडिओचा ६३० मीटरचा पट्टा ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झचा. वर ६१२ ला आकाशवाणी बेंगळुरूचं २०० किलोवॅटचं प्रक्षेपण. ते रिसीव्हरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरवर थेट आदळलं, की तो गुदमरतो आणि हवेत नसलेले खोटे सिग्नल तयार करतो. ते पट्ट्यात पडले, तर पुढची कुठलीच गाळणी त्यांना निवडून काढू शकत नाही. फौजेत तपासणी फाटकावर होते, इथेही तेच.

अँटेना आणि अर्थ यांच्यामध्ये १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ६२० पिकोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक जोडा. कपॅसिटरला समांतर १०० पिकोफॅरडचा ट्रिमर लावा आणि तो फिरवून ६१२ ला आवाज सर्वांत कमी करा. कॉइलचा क्यू १०० असेल, तर ५० ओहमच्या लाइनवर आकाशवाणी सुमारे १७ डेसिबलनं खाली येते. ४७५ जवळजवळ तसंच राहतं.

याची गरज आहे का? अँटेनाला १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावून पाहा. खरा सिग्नल १० नं घटेल, खोटा २० किंवा ३० नं.

शेजारच्या एलईडीचा पट्ट्यातलाच गोंगाट मात्र या गाळणीनं जात नाही. त्यासाठी अँटेनाच इमारतीपासून दूर न्या.