विश्लेषण : खोकला थांबला, तरी क्षयरोगाची गोळी का थांबवायची नाही?

भिवंडीतील निजामपुऱ्यासारख्या दाट वस्तीत, यंत्रमागांच्या बंदिस्त कारखान्यांत आणि खेळती हवा नसलेल्या खोल्यांत क्षयरोग पसरायला वाव मिळतो. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बरे वाटू लागते; तरी नेहमीच्या क्षयरोगात उपचार साधारण सहा महिने चालतात. हे समजण्यासाठी जिवाणूंतील ‘हीट शॉक’ प्रथिने पाहावी लागतात.

ही प्रथिने काय करतात?

प्रथिनाची साखळी नीट दुमडली तरच ते काम करते. उष्णतेने ही घडी विस्कटते. अंडे उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो तो यामुळेच. हीट शॉक प्रथिने ही घडी सावरतात. या प्रतिसादाची पहिली नोंद इटलीचे फेरुचिओ रितोसा यांनी १९६२ मध्ये फळमाशीत केली.

उष्णता नसेल तर त्यांचे काम काय?

ई. कोलाय जिवाणूला ३० अंशांवरून ४२ अंश सेल्सिअसवर नेले, की काही मिनिटांत ही प्रथिने वाढतात. पण त्यांतील ‘ग्रोईएल’ नसेल, तर तो कोणत्याच तापमानाला वाढू शकत नाही. कारण नव्याने बनणाऱ्या अनेक प्रथिनांनाही दुमडायला मदत लागते.

क्षयरोगाच्या जिवाणूत वेगळे काय?

ई. कोलायमध्ये ग्रोईएलचे एकच जनुक असते, क्षयरोगाच्या जिवाणूत दोन. त्यांपैकी एका प्रथिनाची त्रिमितीय रचना शेखर मांडे आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत उलगडली. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मांडे मूळचे नागपूरचे.

‘एचएसपीएक्स’ हे या जिवाणूचे आणखी एक लहान हीट शॉक प्रथिन. शरीरात प्राणवायू कमी पडला, की जिवाणू त्याचे प्रमाण खूप वाढवतो, आपली वाढ मंदावतो आणि तग धरतो.

मग औषध लांबते का?

अनेक औषधे वाढणाऱ्या जिवाणूंवर जास्त परिणाम करतात. सुस्त पडलेले जिवाणू सावकाश मरतात. गोळ्या मध्येच सोडल्या, तर उरलेले पुन्हा वाढू शकतात आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होण्याचा धोका असतो.

काय करावे?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी केंद्रांत तपासणी व औषधे मोफत आहेत. गोळ्या कधी थांबवायच्या, हे डॉक्टरांनीच ठरवावे.