‘वयच झालं’ म्हणण्यापूर्वी

“डॉक्टर, आईला हल्ली काही आठवत नाही. वयच झालं आता,” असे सांगत एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात आपल्या ७२ वर्षांच्या आईंना दवाखान्यात घेऊन आले. आई शाकाहारी, बारा वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ‘पित्ता’साठी रोज सकाळी एक गोळी. मुलाला चिंता विसराळूपणाची होती. आईंची भीती निराळीच होती. न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की त्यांचा तोल जाई. पायांना मुंग्या होत्या. चालताना पाय गादीवर पडल्यासारखे वाटत.

रक्तातील बी-१२ची पातळी १२० निघाली. २०० पिकोग्रॅमच्या खाली ती कमतरता समजली जाते. वर्षभर आधी याच मुंग्या ‘मधुमेहाच्या’ म्हणून मी बाजूस सारल्या होत्या, हे येथे कबूल केले पाहिजे.

बी-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, पनीर यांतूनच मिळते. उतारवयात जठरातील आम्ल घटले, की अन्नातील प्रथिनांना चिकटलेले बी-१२ सुटे होत नाही. आम्ल दाबणाऱ्या गोळ्या आणि मेटफॉर्मिन त्यात भर घालतात. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे उणीव दबक्या पावलांनी येते. अशा वेळी ‘रक्त वाढावे’ म्हणून नुसते फॉलिक अॅसिड घेतल्यास हिमोग्लोबिन सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. तपासणीपूर्वी परस्पर इंजेक्शनही घेऊ नये. नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

थायरॉइडचेही असेच. बद्धकोष्ठता, थंडी न सोसणे, घोगरा आवाज, मंदावलेले मन ही लक्षणे म्हातारपणाच्या खाती सहज जमा होतात. मात्र सत्तरीनंतर टीएसएच किंचित वाढलेले असणे स्वाभाविक असू शकते. अहवालावर लाल खूण दिसली म्हणून लगेच गोळी हवीच असे नाही. गोळी सुरू झालीच, तर ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी (चहाबरोबर नव्हे!), आणि कॅल्शियम वा लोहाची गोळी चार तासांनंतर.

डॉक्टरांकडे जाताना घरातील सगळी औषधे, आयुर्वेदिक चूर्णांसह, एका पिशवीत घालून न्यावीत. माझे अर्धे निदान त्या पिशवीतच असते.

त्या आईंना बी-१२ची इंजेक्शने दिली. तीन महिन्यांत नातवंडांची नावे चुकेनाशी झाली, मुंग्याही बऱ्याच उणावल्या. तोल मात्र पुरता सावरलेला नाही. न्हाणीघरात मुलाने बसवलेली दांडी त्या अजूनही धरतात.