माशी बसवण्याचा दिवस

सकाळी साडेनऊ. दुकान उघडतो तोच काका पायरीवर हजर. खांद्याला गवसणी, तिच्यात वडिलांच्या वेळची अमेरिकन बनावटीची एकनळी बारा बोअर, परवाना शेतीसंरक्षणाचा. भात पिकत आलंय, रानडुकरं बांधापर्यंत यायला लागलीत आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची पितळी माशी कुठेतरी पडलीय. "मिस्त्री, इवलीशी तर माशी, अर्ध्या तासात होईल ना?"

होणार नाही, हे मी आधीच सांगतो. बंदूक मोडून घर रिकामं आहे का ते डोळ्यांनी पाहतो, मग बोट घालून पाहतो. परवाना मागतो, नळीवरचा नंबर ताडून वहीत नोंद करतो. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. ओळखीच्या माणसालाही नोंदीतून सूट नाही.

दहा. नुसत्या पाण्याने न निघणारा मळ भोकात बसलाय. रॉकेल आणि लाकडी काडीने तो काढतो. भोकाभोवती निळाईवर एक गोल डाग राहिलाय, जुन्या माशीच्या बुडाचा. तो मापून ठेवतो, म्हणजे नव्या माशीचं बूड तेवढंच ठेवता येईल. उंचीही अंदाजाने ठरवत नाही: माशी उंच झाली की छर्रे खाली जातात, बुटकी झाली की वर.

साडेदहा ते एक. खरं काम इथेच. अमेरिकन बंदुकांत माशीचे आटे बहुधा ३-५६, ५-४० किंवा ६-४८ मापाचे असतात. पहिला आकडा जाडीचा, दुसरा एका इंचातल्या आट्यांचा. हे भोक मुळात ५-४०चं, पण आधी कुणीतरी त्यात ३ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू जोर लावून फिरवलाय. दोन्हींची जाडी जवळपास सारखी, आट्यांचं अंतर मात्र वेगळं. स्क्रू अर्धा गेला, आटे चिरडले, आणि गोळीच्या धक्क्यांनी माशी सैल होत गेली. टोकाशी पत्रा जेमतेम दीड मिलिमीटर, म्हणजे पकड दोन-अडीच आट्यांचीच. त्यातला एक गेला तरी भागत नाही.

आता ६-४८वर जायचं. नळीच्या पोकळीत सागाची गोल दांडी घालतो, कारण आटे पाडणाऱ्या टॅपचं टोक समोरच्या भिंतीला लागलं तर चोकवर, म्हणजे टोकाशी आवळत गेलेल्या पोकळीवर, कायमचा ओरखडा. नळी व्ही-ब्लॉकवर, मागच्या खाचेशी रेषा जुळवून, ३.०५ मिलिमीटरचं ड्रिल अगदी सरळ. मग टॅप: अर्धा फेरा पुढे, पाव मागे, थेंबभर तेल. घाईची सवय असलेल्याने हे काम करू नये.

दुपारी दोन. वीज नाही. लेथ बंद, जेवण आटोपून आटे ब्रशने साफ करतो.

साडेतीन. वीज येते. पितळी सळई लेथवर लावून गोल डोकं, त्याखाली बूड आणि आट्यांची शेंडी काढतो. बसवून पाहतो, काढतो, कानशीने शेंडी केसभर कमी करतो, पुन्हा बसवतो. ती पोकळीत जराही बाहेर यायला नको. आली तर छर्रे आणि त्यांच्यामागचा वॅड दोन्ही तिच्यावर आदळतील. कापसाचा बोळा आतून फिरवतो. धागा अडकला की कड अजून आहे.

साडेपाच. बोळा साफ फिरतो. आटे अ‍ॅसिटोनने धुऊन, मध्यम ताकदीच्या लॉकटाइटचा एक थेंब, आणि पकडीत चामडं धरून माशी शेवटपर्यंत आवळतो. डिंक, अ‍ॅराल्डाइट, गरम कथील यांनी बसवलेल्या माश्याही सुटून माझ्याकडे येतात. कथलासाठी दुनळीला तर आच लावूच नये. दोन नळ्यांमधली पट्टी कथलानेच जोडलेली असते, ती सुटली तर अख्खी नळी वाया.

"तिकडे एकजण म्हणाला, टोकच कापून नवं भोक पाडू," काका सांगतात. नळी कापणं परवान्याशिवाय गुन्हा आहे, शिवाय टोकासोबत चोकही जातो आणि छर्रे पसरतात. असल्या सल्ल्याला हो म्हणू नये.

साडेसहा. बंदूक आज देत नाही, कुलपात ठेवतो. लॉकटाइट पुरतं धरायला चोवीस तास लागतात. काकांना एवढंच सांगितलं, आणि तुम्हालाही सांगतो: साफ करताना माशी बोटाने हलवून पाहा. हलली तर त्याच दिवशी आणा, घरचा स्क्रू मात्र लावू नका.