अंगणातली शिशाची भट्टी आणि आपली लेकरे



वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, कुठेही जा, भंगारावर पोट भरणारी घरे भेटतात. हा कष्टाचा आणि इमानाचा धंदा आहे. त्यातल्या एका कामाबद्दल मात्र आम्हाला या पानावर स्पष्ट बोलायचे आहे. ते काम म्हणजे जुनी बॅटरी फोडायची, आतले शिसे अंगणात वितळवायचे आणि त्याची लगड किंवा मासे धरायच्या जाळ्याची वजने ओतायची.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. कोळशाच्या शेगडीवरही ते पातळ होते, म्हणून काम सोपे वाटते. ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची किंवा ई-रिक्षाची बॅटरी घेतली, तर तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसेच असते. पण त्यातले बरेचसे शुद्ध धातू नसते, प्लेटांवर लिंपलेली शिशाची भुकटी असते. प्लेट फोडताना ती उडते. भट्टीत जाळ वाढला की धूर होऊन वर जाते. वर जमलेली करडी-पिवळी मळी काढून टाकली की तीही मातीत मिसळते. शिसे जळून नाहीसे होत नाही, कुजत नाही. आज अंगणात पडलेले शिसे वर्षानुवर्षे तिथेच राहते.

त्याच अंगणात लेकरू रांगते. हात तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या पोटात शिसे गेले तर थोडेच अंगात भिनते. लहान मुलाच्या अंगात त्याच्या चार-पाच पट भिनते. ते मेंदूवर बसते. मूल चिडखोर होते, लक्ष लागत नाही, शाळेत मागे पडते. पोट दुखते, शौचाला कडक होते, रक्त कमी होते. जास्त झाले तर झटके येतात. मेंदूचे झालेले नुकसान पुढे भरून निघत नाही. गरोदर बाईच्या हाडात साठलेले शिसे रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत पोचते. शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित, असे नाहीच, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आफ्रिकेतल्या सेनेगल देशात, डाकार शहराजवळच्या एका वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्यांचे शिसे असेच काढत. तिथे नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुले दगावली. तीही आपल्यासारखीच गरिबांची वस्ती होती.

काय करावे?

बॅटरी फोडू नका, अखंड विका. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेऊन पैसे वळते करतो. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुनी बॅटरी नोंदणीकृत कारखान्यातच गेली पाहिजे. तेजाब नालीत ओतू नका.

जाळ्याची वजने तयार मिळत असतील तर विकत घ्या. शिसे ओतणे ज्यांना आजच सोडता येत नाही, त्यांनी बॅटरीचे शिसे तरी वापरू नये. भट्टी वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर, मोकळ्या जागी असावी. लेकरे आणि गरोदर बाया जवळ नकोत. ओले शिसे भांड्यात टाकू नका. पाण्याची वाफ होऊन तापलेला रस अंगावर उडतो. शिशाचे भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही. काम झाले की साबणाने हातपाय धुवा, कपडे बदला आणि ते वेगळे धुवा. त्याआधी लेकराला उचलू नका. घर कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

गूळ खाल्ला की धूर उतरतो, असे म्हणतात. तसे होत नाही. उपाशी पोटी आणि रक्त कमी असलेल्या शरीरात शिसे जास्त भिनते, हे मात्र खरे. म्हणून मुलांना पोटभर जेवण, हरभरा, पालेभाजी, तीळ, दूध, अंडी द्या.

घरात हे काम होत असेल तर जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना तसे सांगा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी कुठे होईल ते विचारा. साध्या रक्ततपासणीत शिसे दिसत नाही. लाजू नका. धंदा सांगितल्याशिवाय डॉक्टरलाही रोग सापडत नाही.

भगवान बुद्धांनी उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. भट्टी लावणारा आपला बांधव विष विकायला बसलेला नाही, तो पोट भरतो आहे. पण विष त्याच्याच घरात शिरते आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराचा जीव स्वस्त नाही, हे त्यांनी आपल्याला शिकवले. शिका हा त्यांचा पहिला आदेश. शिकायला लेकराचा मेंदू शाबूत हवा. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर या विषयावर पंधरा मिनिटे जरूर बोला.

नमो बुद्धाय!