सल्ला वेगळा, आदेश वेगळा

विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये धोक्याचा दोष दिसला की सरकारी यंत्रणा आदेश काढते: अमुक तारखेपर्यंत तपासा, दुरुस्त करा, नाहीतर उड्डाण बंद. पण मंडळी, नुसता सल्ला आला तर? २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफएएने बोइंगच्या इंधन स्विचचं लॉक तपासायला सुचवलं. सक्ती नव्हती, म्हणून एअर इंडियाने ते केलं नाही. जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातानंतर (प्राथमिक अहवालाने दोष या लॉकवर ठेवलेला नाही, हं) डीजीसीएने १४ जुलैला तीच तपासणी सक्तीची केली. मुदत २१ जुलै!

आता तुमच्या भिवंडीच्या गोदामात या. ‘फोर्कलिफ्टची चेन तपासा’ असं कंपनीचं पत्र आलं, तर नुसतं फायलीत लावू नका. तपासल्याची तारीख, बदललेला पार्ट, मेकॅनिकची सही वहीत घ्या, मगच माल उचला.